पाच भेटींचं पाळकीय समुपदेशन: बेनर, कोलर आणि मिलवॉकीचे प्रश्न

पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, मोजक्या भेटींत आणि उपायावर लक्ष ठेवून समुपदेशन कसं करावं हे शिकण्यासाठी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर डेव्हिड बेनर यांचं ‘स्ट्रॅटेजिक पास्टोरल कौन्सेलिंग’ घ्या. दोन परवडत असतील तर चार्ल्स अ‍ॅलन कोलर यांचं ‘सोल्यूशन-फोकस्ड पास्टोरल कौन्सेलिंग’ सोबत घ्या. पुस्तकं बाजूला ठेवून एका शनिवारच्या कार्यशाळेवर भागवणार असाल, तर निदान या पद्धतीतला सुप्रसिद्ध ‘चमत्काराचा प्रश्न’ मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) जसाच्या तसा विचारू नका. तो का फसतो ते पुढे येईलच.

दोन्ही पुस्तकं इंग्रजी, अमेरिकेतली, नव्वदच्या दशकातली. बेनर यांचं बेकर या प्रकाशनाने १९९२ मध्ये काढलं, दुसरी आवृत्ती २००३ ची. कोलर यांचं झोंडरव्हन या प्रकाशनाने १९९७ मध्ये काढलं. दोघांच्या डोळ्यांपुढे वाचक एकच आहे: उपदेश, घरभेटी, बाप्तिस्मे, लग्नं, मयत आणि पंचकमिटी सांभाळून ज्याच्याकडे आठवड्यात जेमतेम तीन-चार तास उरतात, आणि तरीही घरातलं दुखणं घेऊन लोक डॉक्टरच्या आधी ज्याच्या दारात येतात, तो पाळक. त्याला वर्ष-वर्ष चालणारं मानसोपचाराचं काम झेपणारं नाही, त्याचं ते शिक्षणही नाही. ‘प्रार्थना करू या’ एवढं म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. या दोन टोकांमध्ये जे करता येतं त्याची ही पद्धत आहे.

ही पद्धत जिच्यावरून आली त्या मूळ उपाय-केंद्रित (सोल्यूशन-फोकस्ड) पद्धतीचा चर्चशी काही संबंध नव्हता. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९७८ मध्ये एक कुटुंबोपचार केंद्र सुरू केलं आणि तिथे ती घडत गेली. एकतर्फी काचेमागे बसून सहकारी भेटी पाहायचे, आणि कोणत्या प्रश्नानंतर माणूस खरंच पुढे सरकतो ते टिपायचे. त्यातून निघालेली गोष्ट साधी होती. प्रश्न कसा सुरू झाला हे खणत बसण्यापेक्षा तो कधी नसतो किंवा कमी असतो हे विचारलं, तर पुढचं पाऊल लवकर सापडतं. २०१३ मध्ये जिंजरिच आणि पीटरसन या संशोधकांनी या पद्धतीवरच्या ४३ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी ३२ मध्ये ठळक फायदा दिसला. हे आकडे प्रशिक्षित व्यावसायिकांच्या कामाचे आहेत, पाळकांच्या नव्हेत. कार्यशाळेच्या पत्रकावर ते छापलेले दिसले तर एवढं लक्षात ठेवा.

बेनर यांची जमेची बाजू म्हणजे चौकट. जास्तीत जास्त पाच भेटी, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. पाच भेटींचे तीन टप्पे आहेत. पहिल्या भेटीत ओळख, मर्यादा, मुख्य काळजी आणि ‘आपण नेमकं कशावर काम करणार’ यावर दोघांचं एकमत. दुसरी ते चौथी भेट प्रत्यक्ष कामाची: भावना, विचार, वागणं, आणि त्या माणसाच्या गाठीला काय काय आहे ते. पाचवीत हिशेब: काय सुधारलं, काय उरलं, कुणाकडे पाठवायचं, आणि निरोप. दोन भेटींच्या मधे वाचायला काहीतरी द्यावं असा त्यांचा आग्रह आहे. आपल्याकडे पुस्तक हातात दिलं की बहुधा ते कपाटावर जातं. त्यापेक्षा एखादं स्तोत्र किंवा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं पद द्यावं. जे आधीच पाठ आहे ते घरी जाऊन खरंच म्हटलं जातं.

भेटींची संख्या ठरवणं वरवर कोरडं वाटतं, पण पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग तोच. मर्यादा नसली की समुपदेशन घरभेटीत विरघळतं. चहा होतो, तब्येतीची चौकशी होते, मुलाच्या नोकरीचा विषय निघतो आणि मूळ गाऱ्हाणं सहा महिने जागच्या जागी राहतं. पाच भेटी म्हटल्यावर दोघंही मुद्द्याला येतात. पहिल्या दोन भेटींत आठवड्याचं अंतर ठेवा, नंतर पंधरा दिवसांचं, आणि शेवटची महिनाभराने. चांगलं गेलेलं टिकतं का, हे या वाढत्या अंतरातच कळतं.

बेनर कमी पडतात ते प्रत्यक्ष बोलण्यात. कोणत्या टप्प्यात काय साधायचं ते सांगतात, पण तोंडातून वाक्य कोणतं काढायचं ते कमी. तिथे कोलर उपयोगी पडतात. त्यांच्या उपशीर्षकातच लोकांना पुन्हा रुळावर आणणं आहे, आणि पुस्तकाचा सूरही तसाच: गाडी मोडली आहे असं गृहीत धरू नका, ती रुळावरून उतरली आहे. मिलवॉकीचे प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीत बसवायचा त्यांचा प्रयत्न आहे. तो सगळीकडे साधलेला नाही. मूळ पद्धतीत माणूसच आपल्या आयुष्याचा जाणकार, आणि समुपदेशकाने स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. पाळकाला ते पूर्णपणे जमत नाही आणि जमूही नये. नवरा बाहेरचे संबंध चालू ठेवून ‘घरात शांतता हवी’ एवढंच ध्येय सांगत असेल, तर पाळकाने ते ध्येय मान डोलावून लिहून घ्यायचं का? पाप, पश्चात्ताप, क्षमा हे शब्द या पद्धतीच्या पोटातून आपोआप निघत नाहीत. ते पाळकालाच बाहेरून आणावे लागतात, आणि कधी आणायचे हे दोन्ही पुस्तकांतून पुरेसं कळत नाही.

आता प्रश्नांकडे. प्रश्न इंग्रजीतून शब्दशः उचलले की मराठीत हमखास लंगडतात, म्हणून इथे जरा थांबू.

चमत्काराचा प्रश्न जन्मला तो एका बाईच्या उत्तरातून. काय झालं तर बरं वाटेल असं बर्ग यांनी विचारल्यावर ती म्हणाली की आता चमत्कारच व्हायला हवा. बर्ग यांनी तोच धागा उचलला: समजा झाला, तर? अमेरिकेतल्या त्या खोलीत ‘चमत्कार’ ही बोलण्याची रीत होती. आपल्या मंडळ्यांत तो विश्वासाचा शब्द आहे. भिंतीवर ‘चमत्कार व आरोग्य सभा’ असं पोस्टर असतं. त्यामुळे ‘समजा आज रात्री चमत्कार झाला’ म्हटलं की समोरून उत्तर येतं, ‘होय साहेब, प्रभू करीलच!’ संभाषण तिथेच संपतं. वर, आपल्या विश्वासाची परीक्षा चालली आहे असंही वाटतं. म्हणून शब्द बदला, सांगाडा तोच ठेवा:

‘समजा, आज रात्री प्रार्थना करून तुम्ही झोपलात. झोपेत असतानाच हा सगळा गुंता सुटला. पण तुम्ही झोपेत, तुम्हाला माहीत नाही. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कशावरून लक्षात येईल, की काहीतरी बदललंय?’

‘समजा’नंतर क्षणभर थांबा. पहिलं उत्तर बहुतेक वेळा ढोबळ असतं: ‘घरात शांती असेल.’ शांतीचा फोटो काढता येत नाही. म्हणून पुढे विचारा: शांती असेल तेव्हा सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात काय चाललेलं असेल? सासूबाईंना काय दिसेल? दुसरी अडचण म्हणजे नकारार्थी उत्तर: ‘तो पिणार नाही.’ तेव्हा ‘मग त्याऐवजी काय करत असेल?’ हा ‘त्याऐवजी’ नव्या पाळकांकडून नेहमी सुटतो. ‘काहीतरी नसणं’ हे ध्येय होऊ शकत नाही, कारण न झालेली गोष्ट रोज करता येत नाही.

अपवादाचा प्रश्न, म्हणजे ‘हे कधी कमी असतं?’, लवकर विचारला की अंगावर येतो. माणसाला वाटतं, माझं दुःख यांना लहान वाटलं. आधी दहा-पंधरा मिनिटं गाऱ्हाणं ऐका, त्याच्याच शब्दांत परत सांगा, मगच विचारा. अपवाद सापडला की ‘का?’ नको, ‘कसं जमलं?’ विचारा. मराठीत ‘का’ बहुधा जाब विचारल्यासारखा लागतो: ‘का भांडलात?’ ‘परवा भांडण होता होता राहिलं म्हणालात, ते कसं जमवलंत?’ यात कौतुकही आहे. कौतुक हे असंच प्रश्नातून करावं. ‘छान, छान, देवाची स्तुती असो’ एवढ्याने माणूस सुखावतो, पण आपण नेमकं काय केलं हे त्याला कळत नाही.

मोजपट्टीचा प्रश्न शून्य ते दहाचा असतो. शाळेत शिकणाऱ्या मुलाला तो गुणपत्रिकेसारखा वाटतो आणि तो पास होण्यापुरता आकडा सांगतो. वयस्कर माणसांना दहाची पट्टी परकी वाटते. त्यांना आण्यांत विचारा. ‘सोळा आणे म्हणजे सगळं ठीक. आज रुपयात किती आणे?’ उत्तर ‘चार’ आलं, की बाकीच्या बारांकडे वळू नका. ते चार आणे कशाकशाचे आहेत ते विचारा. दोनच का नाहीत? मग: ‘पाच झाले तर घरात काय वेगळं दिसेल?’ पूर्ण उडी मागू नका, एकच आणा मागा. कुणी ‘शून्य, साहेब, शून्य’ म्हणालं तर आकड्याशी वाद नको. ‘इतकं असूनही आज उठून इथवर आलात. कशाच्या बळावर?’ हा तग धरण्याचा प्रश्न तिथे चालतो.

पुढच्या भेटीची सुरुवात ‘कसं चाललंय?’ने करू नका. याचं मराठी उत्तर ठरलेलं आहे: ‘ठीक, देवाची कृपा.’ विचारा, ‘मागच्या मंगळवारपासून काय, थोडंसं का होईना, बरं गेलं?’ आणि उत्तर आलं की: ‘आणखी काय?’ पुन्हा: ‘आणखी काय?’ तिसऱ्या ‘आणखी’ला बहुतेकदा खरी गोष्ट बाहेर येते.

पहिल्या भेटीला पन्नास मिनिटं पुरतात. सुरुवातीची पाच ओळख, भेटींची संख्या आणि गुप्ततेच्या मर्यादांना. पंधरा ऐकायला. यातच विचारायचं, की भेट ठरवल्यापासून आजपर्यंत काही बदललं का; पुष्कळांच्या बाबतीत काहीतरी बदललेलं असतं आणि न विचारल्यामुळे वाया जातं. मग पंधरा मिनिटं ‘समजा’ आणि अपवाद, पाच मोजपट्टी. त्यानंतर पाच मिनिटांची विश्रांती घ्या. मिलवॉकीत या वेळी समुपदेशक काचेमागच्या सहकाऱ्यांशी बोलायला जात. पाळकाच्या बंगल्यात ‘चहाचं सांगून येतो’ एवढं पुरेसं आहे. बाहेर जाऊन तीन ओळी लिहा: काय चांगलं दिसलं, त्याचा ध्येयाशी संबंध काय, आणि काम कोणतं द्यायचं. शेवटची पाच मिनिटं हे सांगायला आणि प्रार्थनेला.

काम देताना समोर कोण आहे ते बघा. डी शेझर यांनी तीन प्रकारची नाती सांगितली. आपल्या भाषेत: पाठवलेला, गाऱ्हाणं घेऊन आलेला, आणि स्वतः पाऊल उचलायला तयार झालेला. आईने ढकलून आणलेल्या तरुणाला गृहपाठ देऊ नका; आल्याबद्दल मनापासून कौतुक आणि पुन्हा यायचं आमंत्रण एवढंच. ‘त्यालाच समजवा, साहेब’ म्हणणारीला निरीक्षणाचं काम द्या: पुढच्या भेटीपर्यंत घरात जे असंच चालू राहावं असं वाटतं ते टिपून ठेवा. तिसऱ्याला मात्र करायचं काम द्या, आणि ते आधी चाललेल्या अपवादातूनच निवडा. सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याला करायचं काम दिलं जातं, तो ते करत नाही, आणि पाळक म्हणतो, ‘यांची इच्छाच नाही.’

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. बरं व्हायचंय का, असं येशू विचारतो आणि तो उत्तर देतो, मला तळ्यात सोडायला कुणी नाही. प्रश्न इच्छेचा, उत्तर गाऱ्हाण्याचं. त्याच्या शेजारी मार्काच्या दहाव्या अध्यायातला बार्तिमय ठेवा. मी तुझ्यासाठी काय करावं, या प्रश्नाला त्याचं उत्तर नेमकं आहे: मला दृष्टी मिळावी. मराठी पाळकांना शिकवायचं असेल तर हे दोन उतारे मिलवॉकीच्या कुठल्याही आकृतीपेक्षा लवकर समजतात.

प्रार्थनेबद्दल एक कुरकुर. पन्नास मिनिटं संयमाने प्रश्न विचारणारा पाळक शेवटच्या प्रार्थनेत सगळा सल्ला ओततो: ‘हे प्रभू, या तुझ्या लेकराला बायकोशी नीट वागायची सद्बुद्धी दे.’ डोळे मिटून दिलेला तो उपदेशच. प्रार्थनेत समोरच्याचेच शब्द वापरा. पाच आण्यांचं मागितलं असेल तर पाच आण्यांचीच प्रार्थना करा. वचनाचंही तसंच. एका भेटीत एक वचन, आणि शक्यतो त्याच्या तोंडून आलेलं. ‘अशा वेळी तुम्हाला कोणतं वचन आठवतं?’ हा प्रश्न पाठ असलेल्या दहा वचनांपेक्षा जास्त काम करतो.

शोकासाठी ही पद्धत तोकडी आहे. मुलगा गेलेल्या आईला ‘कधी कमी असतं?’ विचारणं क्रूरपणा होईल. तिथे ८८ वं स्तोत्र आहे, जे अंधारातच संपतं आणि कुणाला रुळावर आणायची घाई करत नाही. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला आधी झोप मिळते, भाकर मिळते, पुन्हा झोप मिळते. तू इथे काय करतोस, हा प्रश्न त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो.

आणि काही ठिकाणी ही पद्धत वापरायचीच नाही. मारहाण होत असेल तर ‘तो कधी मारत नाही?’ हा प्रश्न मार टाळायची जबाबदारी बाईवर टाकतो. नवरा-बायकोला एकत्र बसवू नका, ती घरी गेल्यावर बोललेलं तिच्या अंगावर येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी आणि १८१ ही हेल्पलाइन तिला एकटीला सांगा. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. गुप्ततेचं वचन देताना हा अपवाद पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचा, नंतर नाही. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार पेरला जात नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ हे ध्येय प्रार्थनेच्या जोरावर देऊ नका. अचानक सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मोजपट्टी.

गुप्ततेचा घात आपल्याकडे ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून होतो. ‘एका भगिनीच्या घरासाठी प्रार्थना करू या, नाव सांगत नाही’ असं भगिनी मंडळात म्हटलं, की चहा होईपर्यंत नाव सगळ्यांना ठाऊक. नोंदवहीत आद्याक्षरसुद्धा नको, नुसता क्रमांक टाका. तारीख, आणे, त्याचे शब्द, दिलेलं काम, इतकंच. वही कुलपात. भेटीची खोली काच असलेल्या दाराची आणि बाहेर कुणी ना कुणी असेल अशी निवडा. एकत्र कुटुंबात घरभेटीला गेलात तर तिथे हे काम होत नाही, दहा कान असतात. तिथे फक्त वेळ ठरवा.

सराव तिघांत करा: एक बोलणार, एक विचारणार, एक वही घेऊन बघणार. पंधरा मिनिटं झाली की जागा बदला. सरावाचं फोनवर ध्वनिमुद्रण करा. खऱ्या भेटीचं कधीच नको. मग ऐकताना तीनच गोष्टी मोजा: पाळक किती मिनिटं बोलला, ‘का’ किती वेळा आला, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर किती वेळा दिलं. प्रश्न दोन दिवसांत पाठ होतात. तिसरा आकडा खाली यायला मात्र महिने लागतात, उपदेशाची सवय जितकी जुनी तितके जास्त.